फाटक बंद, इंजिन चालू

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी गेली सात-आठ वर्षं माझ्याकडे एकच लेख मागितला जातो. संपादक आमच्या डिंडोलीतलेच, म्हणजे सुरतेच्या कडेच्या वस्तीतलेच, माझ्या मुलाच्या वयाचे. ते म्हणतात, जिभाऊ, तुमच्या गुळाच्या डब्यावर लिहा, लोकांना आवडेल. खानदेशात वडीलधाऱ्या माणसाला जिभाऊ म्हणतात, आणि सुरतेत आमच्या वस्तीत मला दुसरं नाव उरलेलंच नाही. दरवर्षी मी काहीतरी कारण काढलं. एका वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन होतं, ते कारण खरं होतं. बाकीची नव्हती. गुळाच्या डब्यावर लिहायचं तर माझ्या सीटखाली ठेवलेल्या रॉकेलच्या कॅनवरही लिहावं लागेल, आणि ते माझ्याने होत नव्हतं.

या वर्षी लिहितो. वय चौऱ्याहत्तर झालं. ज्यांच्याशी बोलायला हवं होतं त्या आता नाहीत. मग गप्प तरी कुणासाठी बसायचं?

मी मूळचा शिंदखेड्याकडचा. वडील जिनिंग फॅक्टरीत हमाली करायचे. कापसाच्या हंगामात तिथे रुई इतकी उडायची की संध्याकाळी घरी येताना वडिलांच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या. सुटी झाली की मालक प्रत्येक मजुराच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गूळ खाल्ला की छातीतली रुई पोटात उतरते आणि सकाळी निघून जाते, असं सगळे मानायचे. मीही मानायचो. सुरतेला आल्यावर दोन वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काढली. तो खडखडाट कानाला सोसेना, म्हणून रिक्षा घेतली आणि पहिल्या दिवसापासून पुढच्या काचेखाली गुळाचा डबा ठेवला. चलथाणच्या पलीकडे एक गुऱ्हाळ होतं, तिथून ढेप आणायची आणि घरी बत्त्याने फोडून सुपारीएवढे खडे करायचे. जो बसेल त्याला एक खडा. धंद्याची युक्ती होती हे कबूल, पण नुसती युक्ती नव्हती. डबा उघडला की मला वडिलांचा हात दिसायचा.

बाहेरच्या वाचकांसाठी आमचा धंदा थोडक्यात सांगतो. मी शटल चालवायचो. शटल म्हणजे एका ठरलेल्या रस्त्यावर जाऊन-येऊन करणारी रिक्षा, जिच्यात अनोळखी माणसं वाटून बसतात. परवाना तिघांचा, बसायचे सहा. चार मागे, दोन माझ्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मांडीवर. सकाळी डिंडोलीहून निघायचं, रेल्वेचं फाटक ओलांडून उधना, तिथून रिंग रोडच्या कापड मार्केटपर्यंत. संध्याकाळी उलट. त्या वेळी डिंडोलीत सोसायट्या नुकत्या उठत होत्या, रस्ता अर्धा कच्चा होता, आणि बस येईल त्या दिवशी ती बातमी व्हायची.

त्या रिक्षा टू-स्ट्रोक. त्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात आणि ते पेट्रोलबरोबर जळतं, म्हणून थोडा धूर येणारच. आम्ही त्यावर आपली कारागिरी करायचो. रेशनचं निळं रॉकेल स्वस्त मिळायचं, ते पेट्रोलमध्ये घालायचं. आधी चमचाभर मीठ घालावं तसं, पुढे निम्मंनिम्म. रॉकेलने इंजिन तापतं, तापलेलं इंजिन जाम होतं, म्हणून ऑइल जास्त ओतायचं. तेही सुटं, हलक्यातलं. मग धूर वाढायचा. सकाळी इंजिन पेट्रोलवर उठवायचं, गरम झालं की टाकीत कॅन रिकामा करायचा. अशा इंजिनाची एक खोड असते. चालू आहे तोवर चालतं. एकदा बंद केलं की पुन्हा उठायला नखरे करतं. तेव्हा रिक्षा चालू करायला खाली एक दांडा असायचा, तो हाताने वर ओढायचा. रॉकेल असलं की दहा-दहा वेळा ओढावा लागायचा.

धुराच्या तपासणीचा कागद लागायचा, नाही असं नाही. त्या दिवशी टाकीत निव्वळ पेट्रोल भरायचं, कार्ब्युरेटर पुसायचा आणि मग मशीनवाल्याकडे जायचं. मुलगी बघायला पाहुणे येणार असले की घर झाडतात तसं. माझी रिक्षा दर वेळी पास झाली. कागद मी गुळाच्या डब्याशेजारी चिकटवायचो.

आता प्रवाशांचं सांगतो, कारण मला वाटतं एवढ्या वर्षांत मी शिकलो असेन तर तेवढंच. लोकांना धूर दिसत नव्हता, असं नाही. पण प्रत्येकाने त्याच्याशी आपापला तह केला होता. काळा धूर वाईट, पांढरा म्हणजे वाफ, असं बहुतेकांचं मत. आणि माझा पांढरट निळा असल्यामुळे मी सज्जनात मोडायचो. पांडेसराच्या कारखान्यांच्या चिमण्यांना शिव्या देणारी माणसं माझ्या धुरात बसून शिव्या द्यायची. वाटेतल्या खाडीचा वास आला की सगळी रिक्षा नाकावर हात ठेवायची, खाडी मागे पडली की हात खाली. वासाची भीती, धुराची नाही. एक लूम कारागीर म्हणायचा, धुराने मच्छर पळतात, मलेरियापेक्षा बरं. तंबाखूवाले सांगायचे की गालात तंबाखू असली की धूर आत शिरत नाही. कॉलेजच्या मुली ओढणी डोळ्यांपर्यंत गुंडाळायच्या, पण ती रंग काळवंडू नये म्हणून. छाती काळवंडेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, कारण छाती आरशात दिसत नाही.

एक गुजराती मेहताजी होते, मार्केटमध्ये हिशेबनीस. ते फाटकाच्या अलीकडे छातीभर श्वास घ्यायचे आणि रूळ ओलांडून पुढच्या चहाच्या टपरीपर्यंत रोखून धरायचे. रोज दोन वेळा एवढा धूर वाचला तर वर्षात केवढा वाचेल, असं त्यांचं गणित. एकदा त्यांनी श्वास घेतला आणि नेमकं फाटक पडलं. मेहताजी गाल फुगवून बसलेले, चेहरा वांग्यासारखा होत चाललेला, आणि माझ्या खांद्यावर थपडा. शेवटी सुटले, आणि सगळ्या फाटकाचा धूर एका दमात आत ओढून म्हणाले, "भाई, आजे तो नुकसान थई गयुं." रिक्षाभर लोक हसले. मीही हसलो.

त्या फाटकावर आम्ही दिवसातून किती वेळ उभे असायचो ते देवाला ठाऊक. ताप्ती लाइनच्या मालगाड्या लांबलचक. एक गेली की गेटमन दुसरीसाठी फाटक तसंच ठेवायचा. दोन्ही बाजूंना तीस-चाळीस रिक्षा, टेम्पो, ट्रक, आणि सगळ्यांची इंजिनं चालू. आम्ही बंद करत नव्हतो, कारण बंद केलेली रिक्षा वेळेवर उठली नाही तर मागचा शिव्या देत पुढे काढणार आणि पलीकडचे प्रवासी तोच उचलणार. शेंगदाणेवाला त्या धुरातून डोळे मिचकावत फिरायचा. त्याचे शेंगदाणे आम्ही खायचो.

या सगळ्या वर्षांत मला इंजिन बंद करा असं म्हणणारं एकच माणूस भेटलं. मंदाताई.

मंदाताई आमच्याच सोसायटीच्या मागच्या गल्लीत राहायच्या. पस्तिशीच्या असतील. यजमान लूमवर, एक मुलगी. रिंग रोडच्या एका मार्केटमध्ये वरच्या मजल्यावर त्या साड्यांना फॉल आणि लेस लावायचं काम करायच्या. सुरुवातीला एका मशीनवर होत्या, नंतर आठ बायकांच्या वर मुकादम झाल्या. त्यांच्या हाताची लेस उलटी करून पाहिली तरी टाका सापडायचा नाही, असं मार्केटचे व्यापारी सांगायचे. घरी त्यांचं स्वतःचं मशीन होतं, पायाचं, काळं. पुढे-मागे डिंडोलीतच खोली घेऊन चार मशीनं टाकायची असा त्यांचा बेत होता. मला विचारायच्या, जिभाऊ, डिंडोलीहून मार्केटला माल न्यायला तुमची रिक्षा लावाल ना? मी म्हणायचो, मालाच्या आधी मालकीणबाईंना नेईन.

त्या माझ्या रोजच्या होत्या, म्हणून मी त्यांची एक जागा राखली होती. मागच्या सीटचा उजवा कोपरा. रिक्षाला उजवीकडे आडवी दांडी असते, त्या बाजूने कुणी चढत नाही, कुणाचा धक्का लागत नाही. थंडीत तो कोपरा ऊबदारही असायचा, कारण इंजिन त्याच्या पाठीशीच. बाईमाणसाला एवढ्या गर्दीत तीच जागा चांगली, असं मला मनापासून वाटायचं. दुसरं कुणी तिथे बसलं तर मी उठवायचो.

खोकला त्यांना कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. आधी फाटकावरच यायचा. कोरडा, तीन-तीनच्या झटक्यांनी. मग त्या पाठीमागून माझ्या सीटच्या नळीवर बांगडी वाजवायच्या.

"जिभाऊ, जराखं इंजिन बंद करा ना."

"ताई, बंद केलं तर पुन्हा उठणार नाही. गूळ घ्या."

मी डबा मागे द्यायचो. त्या खडा घ्यायच्या, डबा फिरून परत यायचा. हे संभाषण आमच्यात किती वेळा झालं असेल! त्या कधी चिडल्या नाहीत. रिक्षावाल्याला रिक्षेतलं कळतं, एवढा त्यांचा विश्वास.

मग चौऱ्याण्णवचं, प्लेगचं वर्ष आलं. सुरतेबाहेरच्या लोकांनी ते बातम्यांत पाहिलं असेल. दोन दिवसांत निम्मं शहर रिकामं झालं. आमचे लोक भुसावळच्या गाड्यांना लोंबकळून गावाकडे गेले, मीही बायको-मुलांना घेऊन गेलो. काही आठवड्यांनी परतलो तेव्हा रिक्षेत बसणारा प्रत्येक माणूस तोंडावर रुमाल बांधून होता. ज्या हवेकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तिला सगळे एकदम घाबरू लागले. श्वास मोजून घ्यायचे. मेहताजींना त्या दिवसांत कुणी हसलं नाही.

अशाच एका सकाळी फाटकावर मंदाताईंना खोकला आला. शेजारचा माणूस सरकला. दुसऱ्याने विचारलं, ताप येतो का? त्या नाही म्हणाल्या, पण खोकला थांबेना, आणि मग तिघेही म्हणू लागले की बाईला उतरवा. एक जण तर त्यांची पिशवी बाहेर ठेवायला निघाला. मी खाली उतरलो. पिशवी त्याच्या हातातून घेतली, परत त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणालो, "ताई माझ्या रोजच्या आहेत. ज्याला भीती वाटते त्याने उतरावं, पैसे देऊ नका." दोघे उतरले. त्या दिवशी मी अर्धी रिकामी रिक्षा घेऊन मार्केटला गेलो.

ही गोष्ट डिंडोलीत घरोघर झाली. जिभाऊंनी बाईची अब्रू राखली, असं लोक म्हणू लागले. मलाही माझा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू! आणि त्या दिवसापासून मंदाताई दुसऱ्या कुणाच्या रिक्षेत बसेनाशा झाल्या. माझी यायला उशीर असला तर उभ्या राहायच्या. पुढे बस नियमित झाली, तरी त्या माझ्याच रिक्षेत, त्याच कोपऱ्यात.

प्लेगनंतर शहर बदललं. पहाटे रस्ते झाडले जाऊ लागले, कचऱ्याचे ढीग गेले, लोक कौतुकाने सुरत दाखवू लागले. रुमाल महिन्या-दोन महिन्यांत खिशात गेले. हवा पुन्हा विसरली गेली. माझ्या सीटखालचा कॅन होता तिथेच होता.

पुढच्या दोन वर्षांत मंदाताईंचा खोकला वाढला. जिना चढताना दम लागायचा. उधन्याच्या एका डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. क्षय नव्हता. त्यांनी विचारलं, काम काय करता? कपड्याचं, असं ताईंनी सांगितलं. मग झालंच. सुरतेत छातीचा आजार घेऊन आलेल्या माणसाला कुठलाही डॉक्टर हेच सांगेल. कपड्याची बारीक रुई, नव्या मालाची पावडर, बंद खोली. काम सोडा, घरचं मशीनही काढून टाका. रोज कसं जाता, किती वेळ जाता, कशात जाता, हे त्यांनी विचारलं नाही आणि ताईंनाही सांगायचं सुचलं नाही. प्रवास म्हणजे काही आजार होण्यासारखं काम आहे, असं कुणाला वाटतं?

त्यांनी मार्केट सोडलं. वस्तीतल्या बालवाडीत मुलांचा खाऊ शिजवायचं काम धरलं, घरापासून पाच मिनिटांवर. आणि तीन महिन्यांत त्यांचा खोकला बसला. सगळी गल्ली म्हणाली, बघा, कपडाच होता. मीही तसंच म्हणालो. खरं सांगतो, तोपर्यंत मला तसंच वाटत होतं. डोळ्यांना दिसणारं एवढं सरळ होतं की त्याच्या मागे पाहायची गरज नव्हती.

मग माझं मनगट मोडलं. एका सकाळी दांडा ओढताना इंजिनाने उलटा झटका दिला, नेहमीचंच, पण या वेळी हाड गेलं. प्लास्टर आलं. रोजचा रस्ता तुटू नये म्हणून माझे दोस्त रमणभाई, तेही रिक्षावाले, काही दिवस माझी रिक्षा चालवू लागले. एक दिवस मला उधन्याला हाड दाखवायला जायचं होतं. पुढे दोघे आधीच बसलेले. मागे उजवा कोपरा मोकळा होता. मी तिथे बसलो.

वाचकांना नवल वाटेल, पण इतक्या वर्षांत मी माझ्या स्वतःच्या रिक्षेत मागे कधी बसलो नव्हतो. ड्रायव्हर बसत नाही. त्याची जागा पुढे, आणि पुढे वारा लागतो.

फाटक बंद होतं. दोन-तीन मिनिटांत माझ्या उजव्या कानामागे काहीतरी गरम लागू लागलं. सीटची पाठ आणि पत्रा यांच्यामध्ये बोटभर फट होती, आणि इंजिनाच्या खोलीतला धूर त्या फटीतून सरळ वर येत होता. आधी डोळे चुरचुरले. मग घशात कुणी काथ्या फिरवल्यासारखं झालं. मग खोकला आला. कोरडा, तीन-तीनच्या झटक्यांनी. तो माझ्या तोंडून येत होता, पण मी तो ओळखत होतो.

मी सीटच्या नळीवर प्लास्टर आपटलं. म्हटलं, रमणभाई, जरा बंद करा.

रमणभाईंनी वळूनही पाहिलं नाही. "बंध करीश तो फरी चालू नहीं थाय, जिभाऊ. गोळ खाओ ने." आणि माझाच डबा मागे दिला.

मी गूळ खाल्ला. एक खडा, दुसरा, तिसरा. फाटक उघडेपर्यंत खोकला थांबला नाही.

घरी आल्यावर एका हाताने मागची सीट काढली. सायलेन्सरच्या जोडाला तडा गेलेला होता. तो मीच कधीतरी डब्याचा पत्रा गुंडाळून तारेने बांधला होता आणि विसरलो होतो. पत्रा कधीच जळून गेलेला. रेग्झिनवर बाकी सगळीकडे तेलकट मळ होता, पण उजव्या कोपऱ्यात, बसलेल्या माणसाचं डोकं येईल तिथे, काजळी होती. बोट फिरवलं, बोट काळं झालं. चुलीमागची भिंत असते तसं. वर्षानुवर्षं मी त्या जागेवरून दुसऱ्यांना उठवलं होतं.

मी डॉक्टर नाही. कपड्याचा काहीच दोष नव्हता असं मी म्हणणार नाही. पण त्यांचा खोकला फाटकावर सुरू झाला होता, मशीनवर नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

सायलेन्सर बदलला. फट बुजवली. रॉकेलही बंद केलं. इथे थांबलो तर मी बरा दिसेन, म्हणून पुढचंही लिहितो: वर्षभराने मुलीचं लग्न निघालं आणि मी पुन्हा थोडं घालू लागलो. पण ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे त्या दिवशी टाकीत निव्वळ पेट्रोल होतं.

मंदाताईंनी निरोप पाठवला होता की मशीन विकायचं ठरलंय, उधन्याची एक बाई घेतेय, तेवढं रिक्षेतून नेऊन द्याल का? मी निघालो तो ठरवूनच निघालो की आज सांगायचं. घरापासून त्यांच्या गल्लीपर्यंत रिकाम्या रिक्षेत ते वाक्य मी दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

त्यांनी मशीन पुसून ठेवलं होतं. चाकाला तेल घातलेलं, पट्टा नवा. विकायच्या वस्तूला कोण नवा पट्टा बसवतं? त्यांच्या यजमानांनी आणि मी मिळून ते उचललं आणि मागच्या सीटवर, उजव्या कोपऱ्यात टेकवून ठेवलं. ताई शेजारी बसल्या, एक हात मशीनच्या डोक्यावर, लहान मुलाला धरावं तसा.

फाटक बंद होतं. मी इंजिन बंद केलं.

आजूबाजूला सगळ्यांची चालू होती, तरी आमच्या रिक्षेत एकदम शांतता झाली. ताई म्हणाल्या, "आज बंद केलं?"

"हो."

"उठेल ना पुन्हा?"

"उठेल."

मग त्याच बोलल्या. म्हणाल्या, "पाहिलंत जिभाऊ? मार्केट सोडलं तसा तुमच्या रिक्षेतसुद्धा खोकला नाही आला. उगाच मी तुमच्या इंजिनाला बोल लावायची." गाडी गेली, फाटक वर झालं. मी दांडा ओढला. इंजिन पहिल्याच ओढीला उठलं.

मंदाताई हसल्या. त्या हसल्या की अहिराणीत बोलायच्या. "मंग रोज का बरं उठे नही?"

मग रोज का उठत नव्हतं? त्यांनी थट्टेत विचारलं होतं. मला आयुष्यात कुणी इतका सरळ प्रश्न विचारलेला नाही, आणि उत्तर माझ्या जिभेवर होतं. मागे रिक्षांचे भोंगे सुरू झाले. मी म्हणालो, "ताई, गूळ घ्या."

त्यांनी घेतला. उधन्याला मशीन उतरवलं. नव्या मालकिणीला ताईंनी सुई कशी बसवायची ते दाखवलं, दोरा कुठे अडकतो ते सांगितलं, आणि परतताना माझ्याशी पावसापाण्याच्या गोष्टी बोलत राहिल्या.

त्या पुन्हा शिवणाला बसल्या नाहीत. मुलीच्या परकराचा काठ सुटला तरी बाहेर द्यायच्या. कापडाला हात लावला की खोकला येईल, ही भीती शेवटपर्यंत गेली नाही. चार मशीनची खोली झाली नाही. बालवाडीतून त्या निवृत्त झाल्या, तोवर माझ्या रिक्षेलाही सीएनजी लागला आणि मग मीही थांबलो. फाटकावर आता पूल आहे.

काही वर्षांपूर्वी मंडळाने वस्तीतल्या जुन्या माणसांचा सत्कार केला. मला शाल दिली. चार शब्द बोलायला मंदाताईंना उठवलं. त्या म्हणाल्या, प्लेगच्या दिवसांत लोक मला रस्त्यात उतरवत होते, जिभाऊंनी मला बसवून नेलं. त्यांच्या गुळाने माझी छाती टिकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माइक माझ्या हातात आला. समोर पहिल्या रांगेत त्या बसल्या होत्या, पदर सावरून, माझ्याकडे पाहत. मी म्हणालो, आभारी आहे. आणि खाली बसलो.

मागच्या थंडीत त्या गेल्या. छातीचं काही नव्हतं. मी बसायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलीने चहा दिला आणि आतून एक कात्री आणून दाखवली. जड, जुनी, धार केलेली. म्हणाली, आईने मशीन विकलं पण ही विकली नाही, दर दसऱ्याला पूजायची. मी कात्री हातात घेतली, परत दिली. तिलाही सांगता आलं असतं. चहा संपवून उठलो.

म्हणून इथे लिहून ठेवतो, त्या दिवशी रिकाम्या रिक्षेत दोनदा म्हणून पाहिलं होतं तसंच:

मंदाताई, इंजिन बंद करता येत होतं. मी त्यात रॉकेल घालत होतो म्हणून करत नव्हतो. तुम्हाला मी जी जागा राखली तिथेच सगळा धूर येत होता. चूक माझी आहे, कपड्याची नाही. मशीन विकू नका.